आडवा उजेड

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आधीचे फोटो असतील ना घरी?" आणि मी म्हणालो, "आहेत की. ढिगाने आहेत." म्हणताना छाती थोडी पुढेही आली असेल. फोटोच्या धंद्यातल्या माणसाला फोटो आहेत का विचारायचं, म्हणजे न्हाव्याला वस्तरा आहे का विचारण्यातला प्रकार. माऊ, माझी मुलगी, शेजारच्या खुर्चीत बसली होती. लांब बाह्यांचा फ्रॉक, दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले, पाय जमिनीला टेकत नसल्यामुळे हवेत हलत होते. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "खरे नाहीत." डॉक्टरीणबाई हसल्या. दुसरीतली पोर, काहीतरी बोलणारच, असं त्यांना वाटलं असणार. मी हसलो नाही. ती काय म्हणतेय ते त्या खोलीत फक्त मला कळलं होतं.

मी चेहरे साफ करतो. फोटोतले. स्टुडिओच्या पुढच्या खोलीत मालक फोटो काढतात, मागच्या खोलीत मी पडद्यासमोर बसतो आणि माणसाच्या तोंडावर जे जे नको असतं ते ते पुसतो. मुरूम, डाग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, दाढी करताना लागलेलं, रडून सुजलेलं. नाकाला मी हात लावत नाही. माणूस ओळखू यायला काहीतरी ठेवलं पाहिजे. शेजारची चांगली कातडी उचलायची आणि वाईट जागेवर पसरायची, एवढंच काम. सवय झाली की हात आपोआप चालतो, डोकं दुसरीकडे असलं तरी. मालकांचा एक नियम आहे. गिऱ्हाईकाने साफ केलेला फोटो पसंत केला की मूळ फोटो पुसून टाकायचा. एकदा एका गृहस्थांनी माझ्या खांद्यावरून डोकावून स्वतःचा मूळ फोटो पाहिला आणि "हा कोण?" म्हणून विचारलं. "तुम्हीच," असं मी सांगितल्यावर ते जे चिडले, ते पुन्हा आमच्याकडे फिरकले नाहीत. तेव्हापासून मूळ ठेवायचंच नाही. हा नियम माझ्या इतका अंगवळणी पडला की घरच्या फोटोंनाही तोच लागला. बायको माऊचा फोटो काढायची आणि मला पाठवायची, "जरा बघ रे." मी जरा बघायचो. साफ केलेला फोटो सगळ्या नातेवाइकांकडे जायचा, मूळ कचऱ्यात. बायकोच्या फोनमधूनही, कारण फोन भरतो म्हणून पुसापुशीत ती माझ्याहून तत्पर.

डॉक्टरीणबाईंना फोटो हवे होते, कारण त्या दिवशी माऊची कातडी नेमकी शांत होती. मिस्त्री आला की नळ गळायचा थांबतो, तसं. कोपराच्या आतल्या घडीत आणि गुडघ्यामागे नुसते काळपट, राखाडी पट्टे उरले होते, आणि एरवी रात्रंदिवस खाजवणारी ही पोर तिथे शहाण्यासारखी बसली होती. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी मागे कधीतरी लांबूनच बघून "नायटा दिसतोय" म्हटलं होतं. मग औषधाच्या दुकानातल्या माणसाने एक ट्यूब दिली, तिने पटकन बरं वाटलं, संपली की परत आलं, परत ट्यूब आणली, असं करत करत बरेच महिने गेले. नायटा म्हटल्यावर शाळेतल्या बाईंनी माऊला मागच्या बाकावर एकटीला बसवलं. बाईंचा दोष नाही, वर्गात बाकीची पोरं असतात. चांगल्या डॉक्टरचं पत्र आणा, मग पुढे बसवते, म्हणाल्या. त्यासाठी तर आम्ही इथे आलो होतो. डॉक्टरीणबाईंनी माऊचा हात हातात घेतला, खिडकीकडे वळवला, आणि बघण्याऐवजी बोटाने चाचपला. "मला हा नायटा वाटत नाही," त्या म्हणाल्या. "इसब असावा. पण या दुकानातल्या मलमाने सगळं झाकून टाकलंय. कडा गेल्यात, रूप गेलंय. मी थोडं खरवडून तपासायला पाठवते. पण सुरुवात कुठून झाली ते कळलं तर फार बरं होईल. तान्ही असताना गालांवर काही होतं का?" मी म्हणालो, "छे, गाल तर लोण्यासारखे होते." म्हणालो खरा, आणि म्हणता म्हणता माझं मलाच कळेना की मला आठवतोय तो गाल, की गालाचा फोटो.

बसमध्ये माऊ खिडकीशी बसली. हात बाहीत ओढून घेतलेले. मी तिला विचारलं, "खरे नाहीत असं का म्हणालीस ग?" तर म्हणाली, "नाहीचेत." मी तिचे गाल आठवायचा प्रयत्न करत राहिलो. माऊ हे तिचं नाव नाही, शाळेत वेगळं आहे, पण ते शाळेतच राहतं. ती रांगायच्याही आधीपासून गाल घासायची. खांद्यावर घेतलं की माझ्या शर्टाला गाल घासायची, डावा, मग उजवा, मग परत डावा. चादरीला घासायची, सोफ्याच्या हाताला घासायची, कडेवरून दाराच्या चौकटीशी नेलं तर चौकटीला. "अगदी मांजर आहे, लाडात आली की अंग घासते," असं माझी ताई म्हणाली आणि त्याच दिवशी तिची माऊ झाली. माझा एक जाडाभरडा शर्ट होता, बायकोला मुळीच न आवडणारा. माऊ त्याला सगळ्यात जास्त घासायची. मी कामावरून आलो की आधी तो शर्ट घालायचो आणि मग तिला उचलायचो. बायकोला चिडवायचो, "बघ, तुझ्याकडे येत नाही, माझ्याकडेच येते. पोरीला बापाची ओढ." बायको म्हणायची, "ओढ बिढ काही नाही, शर्टाला वास येतो तुझ्या." मला त्या घासण्याचा मोठा अभिमान होता. बस एका वळणावर थांबली आणि पुढच्या सीटवरचा एक माणूस, पाठ खाजत असावी, सीटच्या लोखंडी दांड्याला पाठ घासायला लागला. वर, खाली, डोळे मिटून, अगदी सुखाने. मी त्याच्याकडे बघत बसलो. आमचा थांबा आला तरी बघत होतो. माऊने बाही ओढली तेव्हा उठलो.

घरी बायको आधीच आली होती. ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत फोनवर तक्रारी घेते. दिवसभर दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकायच्या म्हटल्यावर घरी कुणी तक्रार केलेली तिला चालत नाही, आणि यात तिची काय चूक. "आई, खाजतंय" म्हटलं की ती "खाजवू नकोस" म्हणते, आणि मीही तेच म्हणतो. सगळं जग लहान मुलांना तेच सांगतं. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "फोटो ना? त्यात काय एवढं," आणि फोन घेऊन बसली. मी जुना संगणक उघडला. पहिल्या वर्षाचे, दुसऱ्या वर्षाचे, रांगताना, दात आल्यावर, ताईच्या घरी, बागेत, टबात. एक पोर सगळीकडे हसत होती आणि तिच्या अंगावर एक ठिपका नव्हता. मी माझं काम ओळखतो. कुठे शेजारची कातडी पसरलीय ते मला दिसतं, जसं शिंप्याला आपलं रफू दिसतं. डाव्या गालावर रफू, उजव्या गालावर रफू, हनुवटीखाली, पुढे पुढे कोपरात, मानेवर, पायांच्या घडीत. अरे बापरे, किती ठिकाणी. म्हणजे मी तो प्रत्येक डाग पाहिला होता. दुसऱ्या कुणीही पाहिला नसेल इतक्या जवळून, पडदाभर मोठा करून, कडेकडेने फिरून पाहिला होता, आणि त्यातला एकही मला आठवत नव्हता. बायकोलाही फोनमध्ये काही सापडत नव्हतं. मग ती हळूच म्हणाली, "मीच म्हणायचे ना तुला, जरा बघ म्हणून." मी म्हणालो, "आता कोण काय म्हणायचं ते काढू नकोस." भांडण होण्याइतका दम दोघांतही नव्हता.

सापडला तो वेगळाच फोटो. आमचं कपडे धुण्याचं यंत्र नवं असतानाच गळायला लागलं होतं आणि कंपनीला तक्रार पाठवण्यासाठी बायकोने त्याच्या पाइपचा फोटो काढला होता. तक्रारीच्या बाबतीत तिचा हात कुणी धरणार नाही. दहा बाजूंनी काढले होते, आणि जपून ठेवले होते, कारण कंपनीने अजून दाद दिलेली नाही. त्यातल्या एकात मागे सोफा आला होता आणि सोफ्याला धरून माऊ उभी होती, नुकतीच उभं राहायला शिकलेली, गाल सोफ्याच्या हाताला लावून. पाइपच्या फोटोला कोण कशाला साफ करणार. संध्याकाळचं ऊन बाजूच्या खिडकीतून आडवं आत आलं होतं. मी तो कोपरा मोठा केला. सुंदर नव्हता तो गाल. लालही नव्हता, त्यामुळे लांबून काही वाटलंही नसतं. आमच्या कातडीवर लाल कुठलं दिसायला. पण आडव्या उजेडात त्यावर खसखशीसारखे बारीक बारीक दाणे उभे होते, मध्ये भेगा होत्या, आणि भोवतालचा भाग राखट पडला होता. डोळे मिटलेले होते. त्या बसमधल्या माणसासारखेच. बायको माझ्या खांद्यावरून बघत होती. ती म्हणाली, "तिला तेव्हापासून…" आणि उठून स्वयंपाकघरात गेली. मी बसून राहिलो. मला फार वाईट वाटत होतं, आणि त्याहून विचित्र म्हणजे, तिचा खरा गाल बघून इतक्या वर्षांनी कुणी ओळखीचं भेटावं तसं वाटत होतं.

डॉक्टरीणबाईंना तो फोटो बघून आनंद झाला. "वा," म्हणाल्या, "पाइप पण छान आलाय." खरवडलेल्या तपासणीत बुरशी सापडली नव्हती, त्यामुळे आता त्यांना शंका उरली नाही. इसब. तान्हेपणी गालांवर, मोठं होताना कोपरा-गुडघ्यांच्या घड्यांत, अगदी ठरलेल्या वाटेने आलेला. कुणाला लागत नाही, कुणाकडून येत नाही. कातडी मुळात कोरडी, तिच्यात ओल टिकत नाही, बाहेरचं काहीही तिला बोचतं, आणि खाजवलं की आणखी बिघडते. कोमट पाण्याची थोडक्यात आंघोळ, टिपून घ्यायचं, अंग ओलसर असतानाच जाड मलम भरपूर थापायचं, रोज, बरं असलं तरी. आणि उठलं की वेगळं औषध, फक्त उठलेल्या जागेवर, त्या सांगतील तितकेच दिवस. बायकोने विचारलं, "ते जालीम असतं म्हणतात ना? कातडी पातळ होते म्हणे." हे ताईचं मत होतं. ताईचं दूध बंद करा हेही मत होतं, अंगातली उष्णता हेही, आणि कुणीतरी सांगितलेला एक पालाही होता. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "त्या दुकानातल्या ट्यूबमध्ये तेच होतं, आणि चांगलं जोरदार. ते कुणालाही न विचारता इतके महिने लावलंत. आता विचारून थोडे दिवस लावायला घाबरताय. आणि दूध चालू द्या, पोर वाढीला लागलीय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही फोटोवाले ना? मग दर थोड्या दिवसांनी फोटो काढत जा. दिवा समोर नको, बाजूने उजेड घ्या. खडबडीतपणा आडव्या उजेडातच दिसतो." हे मला कुणी सांगावं. समोरच्या दिव्याने कातडी सपाट होते आणि बाजूच्या दिव्याने उघडी पडते, हे माझ्या हाताखालच्या पोरांना मी शिकवत आलो होतो, तेही बाजूचा दिवा बंद ठेवा हे सांगण्यासाठी. मी मान डोलावली. त्या माऊला म्हणाल्या, "आणि तुझं काम सगळ्यात मोठं. जरा खाजायला लागलं की लगेच सांगायचं. पहिल्याच दिवशी. वेळेवर कळलं ना, तर दोन बोटं औषधात भागतं." माऊने मान हलवली. कशी हलवली, हो की नाही, ते कळलं नाही.

पत्र मिळालं, शाळेतल्या बाईंनी तिला पुढे बसवलं, मलमाचा मोठा डबा घरात आला. सगळं रुळावर आलंय असं मी धरून चाललो. सकाळी बायको थापायची, संध्याकाळी मी. माऊ चिकट व्हायची, दारांच्या कड्या चिकट व्हायच्या, वह्या चिकट व्हायच्या, बायको म्हणायची आता या घरात चोर आला तर घसरून पडेल. पण फोटोची वेळ आली की पोरगी आखडायची. मी तिला खिडकीशी उभं करायचो, हात पुढे कर म्हणायचो. ती बाही वर करायची नाही. "आधी साफ कर," म्हणायची. मी म्हणायचो, "अग, आधी काढल्याशिवाय साफ कसा करणार, आणि हा साफ करायचाच नाहीये." "मग नको काढू." मी समजावलं, चिडलो, खाऊ आणला, पुन्हा समजावलं. एकदा ती म्हणाली, "आजीआजोबांना कोणते पाठवणार? ताईआत्याला कोणते?" मी म्हणालो, "कुणालाच नाही, फक्त डॉक्टरांना." तेव्हा तिने इतक्या बारकाईने माझ्याकडे पाहिलं की मीच नजर वळवली. मला तिचं म्हणणं कळत होतं. जन्मल्यापासून तिने बघितलं होतं की तिचा फोटो काढतात, मग बाबा त्यातली ती काढून टाकतो, आणि मग सगळे म्हणतात किती गोड. कुठलं शहाणं माणूस अशा बाबाला जाऊन सांगेल की मला आज इथे आलंय.

तिने सांगितलंच नाही. उन्हाळा चांगलाच वर आला होता आणि ती लांब बाह्यांचे फ्रॉक सोडायला तयार नव्हती. दोन्ही वेळचं मलम "मी माझं लावते, मी मोठी झालेय" म्हणून स्वतःच लावायची, दार लोटून. आम्ही खूश. पोरगी जबाबदार झाली. मग एक दिवस कपडे धुताना बायकोला बाहीच्या आतल्या बाजूला पिवळट डाग दिसले. उजव्या कोपराच्या घडीत चिरा पडून चिघळलं होतं, हात सरळ होत नव्हता, आणि ती शाळेत डाव्या हाताने लिहीत होती. बायको तिला ओरडली, मग जवळ घेऊन रडली, मग मला ओरडली. डॉक्टरीणबाईंनी जास्तीची औषधं दिली, ताप येतो का ते बघायला सांगितलं आणि म्हणाल्या, "आठवडाभर आधी आला असतात तर यातलं काही लागलं नसतं." मला म्हणाल्या, "हिला कसं बोलतं करायचं ते तुम्हीच बघा. माझ्याकडे त्याचं मलम नाही." बऱ्याच दिवसांनी जखम भरली, पण मला झोप लागेना. हे दुखणं वर्षानुवर्षं जाऊन येऊन राहणार, हळूहळू कमी होईल, कदाचित जाईलही, पण तोवर त्याची पहिली खबर एकाच माणसाकडे असणार होती आणि त्या माणसाचा आमच्यावर विश्वास नव्हता. एका रविवारी मी तिला तो पाइपचा फोटो दाखवला. म्हणालो, "ही बघ, तू. ही खरी." तिने बराच वेळ पाहिलं. विचारलं, "मी काय करतेय?" मी म्हणालो, "गाल घासतेयस. आम्हाला वाटायचं तू लाडात आलीयस. म्हणून तुझं नाव माऊ ठेवलं." "आणि मला काय होत होतं?" "खाजत होतं." ती म्हणाली, "मग मला आता माऊ म्हणणार नाही का?" मी म्हणालो, "तू सांगशील तसं." ती म्हणाली, "म्हण. चालेल." आणि खेळायला गेली, लांब बाह्यांच्याच फ्रॉकमध्ये.

त्यानंतरची गोष्ट. शाळा लवकर सुटते त्या दिवशी बायकोची कचेरी चालू असते, म्हणून माऊ माझ्याबरोबर स्टुडिओत येऊन बसते. पुढच्या खोलीत कोपऱ्यात एक स्टूल आहे, त्यावर बसून चित्रं काढते. मालकांचा तिच्यावर जीव आहे, तिला ते "छोट्या मालकीणबाई" म्हणतात. तर एक बाई तान्हं मूल घेऊन आल्या, कसल्याशा ओळखपत्राला मुलाचा फोटो हवा होता. मालकांनी समोरचे दोन्ही दिवे लावले, खुळखुळा वाजवला, तोंडाने पक्ष्यांचे आवाज काढले, पण मूल स्थिर राहीना. आईच्या खांद्याला गाल घासत होतं, डावा, उजवा, डावा. बाई कौतुकाने म्हणाल्या, "सारखं हेच चालतं. फार लाडोबा आहे, अंगाला अंग घासत असतं नुसतं." शेवटी कसाबसा एक फोटो झाला. मालक मला म्हणाले, "घे रे, बसल्या बसल्या करून दे." बाई माझ्यामागे आल्या आणि पडद्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "गालावर जरा लाळेचं उठलंय ना, तेवढं काढा." मालक दारातून म्हणाले, "काळजीच करू नका. आमचा माणूस असा हात फिरवेल की तुम्ही स्वतःच्या पोराला ओळखणार नाही."

मी फोटो मोठा केला. समोरच्या दिव्यांनी सगळं सपाट केलं होतं, तरी मला दिसायचं ते दिसलं. राखट भाग, त्याची पुसट कड, बारीक दाणे. माझा हात शेजारच्या चांगल्या कातडीवर जाऊनसुद्धा पोचला होता. हाताला काय, त्याला सवयच तेवढी. मी तो मागे घेतला आणि म्हणालो, "बाई, हे कुणाला दाखवलंय का?" बाई म्हणाल्या, "काय दाखवायचं?" मी म्हणालो, "नाही, म्हणजे, गालाचं हे." बाईंचा चेहरा बदलला. कुणाच्या तान्ह्या पोराला नावं ठेवावीत तसं झालं ते. "अहो, लाळेचं आहे. सगळ्या मुलांना होतं. तुम्ही फोटो कधी देताय तेवढं सांगा." मालक दारात खाकरले. त्यांचं बरोबर होतं, माणसं आमच्याकडे डाग घालवायला येतात, डाग ऐकायला नाही. आणि मी कोण, डॉक्टर थोडाच. काय सांगायचं ते सगळं मला माहीत होतं, आणि सांगायचं कसं हे मात्र इतकी वर्षं चेहरे बघून मी शिकलो नव्हतो.

स्टूल सरकल्याचा आवाज झाला. माऊ मालकांच्या बाजूने वाट काढत आत आली आणि त्या बाईंसमोर उभी राहिली. मुलाकडे बघत होती, बाईंकडे नाही. "मावशी," ती म्हणाली, "ते लाडात नाही आलंय. त्याला खाजतंय."

मग तिने उजव्या हाताची बाही वर केली. मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत, सगळी, नीट गुंडाळत. "मला पण असंच होतं. मी पण घासायचे." बाई वाकून बघायला लागल्या. मालकही बघायला लागले, त्यांनी इतक्या दिवसांत तिचा हात कधी पाहिला नव्हता. मीही पाहिला. कोपराच्या घडीत जुन्या जखमेचा काळा पट्टा होता, तो अजून काही महिने राहणार हे मला माहीत होतं. पण त्याच्या वरच्या बाजूला आणखी काहीतरी होतं, अगदी लहान, रंगात जवळजवळ न कळण्यासारखं. त्या जखमेनंतर सकाळचं मलम पुन्हा बायकोच लावायची, पण ते तिलाही दिसलेलं नसणार.

माऊने माझ्याकडे पाहिलं. "बाबा," ती म्हणाली, "हे आज आलंय."

मी उठलो. खोलीतला दिवा बंद केला, तिचा हात धरला आणि तिला खिडकीपाशी नेलं, जिथे बाजूने उजेड येतो. बाई मूल घेऊन आमच्या मागोमाग आल्या.